पोंक्षे मेजरांचा लखोटा

१

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या पोंक्ष्यांच्या घरातून जी किंकाळी ऐकू आली, ती ज्याचं नुकसान झालं त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची, अण्णांची होती. ज्यांचं नुकसान झालं ते रजेवर आलेले मेजर त्र्यंबक पोंक्षे उघड्या ट्रंकेपुढे उकिडवे बसले होते आणि ब्रह्मदेशात जपानी तोफांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणत होते, "लखोटा नाही."

लखोट्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, मेजरांचं लष्कराच्या मुख्यालयाकडे केलेलं अपील. लेफ्टनंट कर्नलच्या बढतीच्या वेळी मंडळानं त्यांना वगळून त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांना वर नेलं होतं. गोपनीय अहवालात शेरा होता : 'अधिकारी प्रामाणिक व मेहनती आहे, परंतु निर्णयाच्या क्षणी कच खातो.' दुसरी गोष्ट म्हणजे या शेऱ्याचं उत्तर. युद्धातल्या त्यांच्या गोऱ्या कर्नलनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं की, एका पुलावर माघारीचा हुकूम आला असताना कॅप्टन पोंक्षे जखमींची शेवटची गाडी पलीकडे जाईपर्यंत जागचे हलले नाहीत. अपील पुन्हा टाइप करता आलं असतं. कर्नल मात्र विलायतेत मातीखाली गेलेला होता, आणि तिथून कुणी शिफारसपत्रं पाठवत नाही.

लखोटा सोमवारी कचेरी बंद व्हायच्या आत कुलाब्याला पोचायला हवा होता. नाही पोचला तर विषय संपला. पुढच्या वर्षी मेजर याच हुद्द्यावर सक्तीची निवृत्ती.

डोंबिवलीला हे प्रकरण नीट कळलं नव्हतं. अण्णा कल्याणच्या एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मेजर म्हणजे मोठा, असं त्यांनीच गावातल्या निम्म्या माणसांकडून घोकून घेतलं होतं. आता मोठ्याच्याही वर आणखी कोण असतं, आणि तिथं जायला तक्रार का करावी लागते, हे विचारायला लोक ओटीवर येत आणि चहा घेऊन जात.

मेजरांनी लगेच घराचे विभाग पाडले. ओटी आणि माडी अण्णांकडे, माजघर बायकोकडे, परस आणि विहीर ऑर्डर्ली दगडूकडे. ते स्वतः हातात छडी घेऊन मधे उभे राहिले. गाद्या उसवून झाल्या, तांदळाचा डबा उपसून झाला, दगडू विहिरीत उतरून बेडूक घेऊन वर आला. अकराच्या सुमाराला मेजरांनी जाहीर केलं, "सबंध घर पालथं घातलं. नाही."

"पोलिसांत जाऊ," अण्णा म्हणाले.

"नको. लष्करातला अधिकारी आपला कागद सांभाळू शकत नाही, हे मी चौकीत लिहून देऊ? अहवालात घालायला त्यांना आयतंच आणखी एक वाक्य."

"मग ठाण्याहून टिपणिसाला आणतो."

"कशाला उगाच? त्यांना उन्हाचा त्रास."

पण अण्णा कोट चढवून स्टेशनच्या वाटेला लागलेसुद्धा होते.

२

आनंदराव टिपणीस हे ठाण्याच्या कोर्टाचे निवृत्त नाझर. जप्तीची वॉरंटं त्यांच्या टेबलावरून निघत. साधं घर असलं की ते बेलिफ पाठवत. अवघड घर असलं की टोपी घालून स्वतः जात. माणसं काय लपवतात आणि कुठे लपवतात, याबद्दल आपल्याइतकं ज्ञान या जिल्ह्यात कुणालाच नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

ते पोंक्ष्यांच्या फाटकातून आत शिरताच शेजारच्या बायजाबाईंनी अंगणातला तांब्याचा हंडा उचलून घरात नेला. टिपणीस निवृत्त झाले होते, पण ही बातमी ठाणे जिल्ह्यातल्या हंड्यांपर्यंत पोचली नव्हती.

मे महिना होता. वारा पडला होता. ओटीवर मेजर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जात होते, वळत होते आणि परत येत होते. वळताना दर वेळी घड्याळाकडे पाहत होते.

"शेवटचा लखोटा कधी पाहिलात?" टिपणिसांनी पानाचा डबा उघडत विचारलं.

"काल दुपारी. ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं."

"किल्ली?"

"घड्याळाखालच्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"कुलूप फोडलेलं नाही. म्हणजे चोर घरातला." टिपणीस खूश झाले. बाहेरच्या चोराबद्दल त्यांना आदर नव्हता. "बढती मिळू नये असं या घरात कुणाला वाटतं?"

मेजर थांबले. पहिल्यांदाच ते खांबापर्यंत न जाता मधेच वळले. "तुम्हीच शोधा," असं म्हणून ते आत गेले.

अण्णा संशय येण्याआधीच बोलू लागले. "माझ्याकडे बघू नका हो आनंदराव! त्याला बढती मिळावी म्हणून मी गणपतीला अभिषेक बोललोय. हा निवृत्त झाला की इथे येऊन राहणार. घराचा अर्धा भाग त्याचा आहे. आणि तो अर्धा भाग म्हणजे नेमका मी राहतो तो!"

"म्हणजे तुम्हाला भावाची काळजी आहे."

"अपरंपार," अण्णा म्हणाले. "मी त्याला आठ पानी अपील लिहून दिलं होतं. सुरुवातीलाच तीन विशेषणं. मुख्यालय हादरलं असतं. त्यानं ते बाजूला ठेवलं आणि स्वतः एक पान लिहिलं. एक! असल्या माणसाला बढती कशी मिळेल?"

टिपणीस परसात गेले. न्हाणीघराबाहेर आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्यांनी सवयीनं त्याची किंमत मनात लावली आणि मग खाली वाकून राख ढवळली. राखेतून त्यांनी दोन बोटांनी एक तुकडा उचलला. जाड पांढऱ्या कागदाचा कोपरा, कडेनं जळलेला. त्यावर इंग्रजी अक्षरं होती.

मागे उभ्या असलेल्या अण्णांनी पुन्हा किंकाळी फोडली.

३

त्या किंकाळीनं मेजर धावत परसात आले. तुकडा पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात पुढे झाला, पण तुकडा घेण्याआधीच थांबला.

"वाच," ते अण्णांना म्हणाले. "काय लिहिलंय ते वाच."

अण्णांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला. "हे माझं आहे," ते खोल आवाजात म्हणाले. "माझं तिसरं विशेषण."

मेजरांनी सोडलेला श्वास विहिरीपलीकडे ऐकू गेला.

"मीच जाळलं ते," दारातून जयावहिनी म्हणाल्या. मेजरांच्या पत्नी जया. हातात सूप, कपाळावर घाम. "सरपण ओलं होतं. ह्यांनी बाजूला ठेवलेलं म्हणून घेतलं. आठ पानं होती, पाणी मात्र छान तापलं."

मेजर परत ओटीकडे वळले. अण्णा तडक आत गेले. अपिलाच्या चोरीपेक्षा हा घाव मोठा होता.

टिपणीस विहिरीच्या कठड्यावर बसले. "वहिनी, सरळ विचारतो. तुम्हाला ही बढती हवी होती?"

"नव्हती," त्या सूप पाखडत म्हणाल्या. "आता तोंड मिटा, माशी जाईल. दर दोन वर्षांनी पडदे उसवून नव्या खिडक्यांना शिवणारी बाई मी. कर्नल झाले की पुन्हा कुठेतरी बर्फात. मला इथे राहायचंय. भाजीवाली ओळखीची असावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा."

"मग संशय तुमच्यावरच येतो."

"येऊ दे. पण त्यांच्याकडे बघा तुम्ही. महिना झाला, पानावर बसतात आणि भात चिवडून उठतात. पहिल्यांदा वाढला तेवढाच. दुसऱ्यांदा मागणं नाही. पूर्वी तिसऱ्यांदा मागायचे. पहाटे उठून ओटीवर चालत बसतात. मी लखोटा चोरला, आणि मग जन्मभर हा माणूस, 'मला न्याय मिळाला असता,' असं म्हणत माझ्यासमोर बसला तर? मी अशी बर्फात जाईन, भावजी, पण असल्या घरात राहायची नाही."

त्या आवाज उतरवून पुढे म्हणाल्या, "शोधा हो तो. काय वाटेल ते करा. नाहीतर ह्यांचं काहीतरी होईल. मला भीती वाटते."

टिपणिसांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. बायका जप्तीच्या वेळी रडत तेव्हा त्यांना सगळं खोटं वाटे. ही रडत नव्हती, म्हणून त्यांना घाम फुटला.

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं अण्णांची हाक आली. "आनंदराव, लवकर या! दगडूचं बोचकं! पळायच्या तयारीत आहे तो!"

४

दगडू मेजरांचा ऑर्डर्ली. साताऱ्याकडचा, पलटणीत केस पिकलेला. साहेब रजेवर आले की तोही यायचा. गोठ्यात त्याचं अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि शेजारी गाठ मारलेलं बोचकं.

"हे काय?" टिपणीस म्हणाले.

"बोचकं हाय जी."

"ते दिसतंय. बांधलंस कशाला?"

"तपासाला." दगडू शांतपणे म्हणाला. "हितं न्हाई तर तिथं, घरात कायबी गेलं की पयलं माजंच सामान सोडत्यात. सगळं इकडं तिकडं पडलेलं असलं की इस्काटत्यात. म्हनून आदीच एका जागी बांदून ठिवलं. सोडा."

टिपणिसांनी सोडलं. दोन सदरे, एक आरसा, मुलीच्या लग्नाचा फोटो. लखोटा नव्हता. त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं, पण गाठ जमेना. दगडूनं ती बांधली.

"साहेबांना बढती मिळाली नाही तर तुझं काय?"

"मला काय? साहेब गेलं की दुसरा साहेब. बूट त्येच." तो थोडा थांबला. "पर त्या पुलावर मी व्हतो जी. मागल्या गाडीत, टांगडीत गोळी. साहेब हाललं न्हाईत. आता कागूद आसंल न्हाईतर नसंल, मी हाय की अजून. पर माजं कोन लिवून घेनार?"

टिपणिसांनी बोचकं त्याच्याकडे सरकवलं. त्यांच्या धंद्यात साक्षीदाराला सही लागायची.

"ट्रंकेला कुणाचा हात लागलेला पाहिलास?"

"बारक्या ट्रंकेचं मला ठावं न्हाई. मोठी माज्याकडं असती. थंडीचं सामान. बर्फातनं आनल्यालं. काल सकाळीच उन्हं दाखवून, डांबरगोळ्या घालून घडी केली. कोट वर, हातमोजं तळाला. आज हुडकताना कुनी इस्काटलं द्येव जाने, हातमोजं वर आल्यात. पुन्यांदा घडी कराय लागनार." त्याला लखोट्यापेक्षा हे जास्त लागलेलं दिसलं.

दुपार कलली होती. उद्याच्या कचेरीपर्यंत एक दिवससुद्धा उरला नव्हता आणि टिपणिसांच्या हातात अण्णांच्या तिसऱ्या विशेषणाखेरीज काही नव्हतं.

"आता फक्त आत्या राहिली," अण्णा म्हणाले. "पण तिला काय विचारणार? ती तर लखोट्याला हातसुद्धा लावायची नाही."

"का?"

"सोवळं मोडेल ना!"

५

गंगूआत्या ही मेजरांच्या वडिलांची बहीण. आठव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून पोंक्ष्यांचं स्वयंपाकघर. दोन्ही भाच्यांना आई गेल्यावर तिनंच वाढवलं. घरात वीज आली, रेडिओ आला, स्वराज्य आलं. पण आत्याच्या सोवळ्यात यांपैकी कुणालाच प्रवेश मिळाला नव्हता. आंघोळ करून, शुद्ध वस्त्र नेसून तिनं ज्याला हात लावायचा, त्याला पारोशा माणसानं शिवायचं नाही. तिचा कळशी-तांब्या, लोणच्याच्या बरण्या, आणि फळीवरची वेताची पेटी, जिच्यात तिची पूजेची वस्त्रं असत.

टिपणीस मासे खाणारे. त्यांना ओटीच्या आत पाट नव्हता. आत्या माजघराच्या उंबऱ्याशी आली आणि मधे भरपूर हवा राहील अशी बसली.

"आनंदराव, पाणी घेतलंत ना हो? घ्या. उन्हाचे आलात. काय गेलं म्हणे त्र्यंबकाचं?"

"लखोटा, आत्याबाई. महत्त्वाचा."

"सापडेल. त्याचं लहानपणापासून असंच. परीक्षेच्या दिवशी ह्याची पाटी हरवायची."

"सापडायची का?"

"सापडायची की! परीक्षा झाली की सापडायची." आत्या हसली. "हुशार होता हो. सगळं यायचं त्याला. पण आदल्या दिवशी पोट दुखायचं. अण्णाला काही यायचं नाही, तो मात्र शिट्टी वाजवत जायचा."

आतून अण्णा खाकरले.

"पण त्र्यंबक गुणाचा. कधी शिवाशिव केली नाही माझी. मी पूजेला बसले आणि वस्त्र पेटीत राहिलं, तर हा हाताला लोकरीचं फडकं गुंडाळायचा आणि काढून द्यायचा. लोकरीला विटाळ नसतो ना. अण्णा मेला तसाच घुसायचा चिखलाच्या पायांनी. आता एवढा मोठा साहेब झाला, देशोदेशीचं काय काय खाल्लं असेल, मी विचारत नाही. पण अजून माझ्या फळीपासून हातभर लांबून जातो."

"आज सकाळी घर शोधलं तेव्हा तुमचं स्वयंपाकघर कुणी शोधलं?"

"शोधायला काय आहे तिथे? मीच असते ना. कोण शिवणार माझ्या सामानाला?"

टिपणीस पानाला चुना लावत होते. चुना पानाच्या कडेवरून बोटावर गेला.

आत्या उठली. नेसलेल्या रेशमी मुकट्याचा पदर तिनं नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं. "पेटीत मी वाळा घालते, कापूर घालते. आज ह्याला वास बघा कसला येतोय. इस्पितळासारखा. उंदीर मेला असेल कुठेतरी."

ती आत गेली. टिपणिसांनी पानाची घडी घातली. मग त्यांनी ते न खाताच डब्यात ठेवलं आणि उठले.

"काही कळलं का हो?" अण्णांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं.

"आत्याबाई उद्या सकाळी घरी असतात?"

"नाही. सोमवारी गणपतीच्या देवळात पुराणाला जाते. का?"

"मी उद्या सकाळी येतो," टिपणीस म्हणाले. "मेजरसाहेबांना म्हणावं, कुलाब्याला जायचे कपडे घालून तयार राहा."

खांबाशी मेजर वळायचे थांबले होते.

६

सोमवारी सकाळी सगळे माजघरात जमले. मेजर गणवेशात, छातीवर पदकांच्या फिती. जयावहिनींनी त्यांच्यासाठी डबा बांधला होता आणि तो कुणाला द्यावा हे न कळून स्वतःच हातात धरला होता. अण्णा खुर्चीवर. दगडू परसाच्या दाराशी. आत्या देवळात.

टिपणीस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही.

"मी आयुष्यभर जप्त्या केल्या," ते म्हणाले. या वाक्याला ते नेहमी थोडं थांबत. "पंच म्हणायचे, रावसाहेब, सबंध घर पाहिलं. मी म्हणायचो, सबंध घर म्हणजे जिथे तुमचा हात जातो तेवढं घर. कर्जबुडव्याच्या बायकोच्या पाटल्या कधी कपाटात नसायच्या. त्या सोवळ्यात असायच्या. बेलिफाची काय छाती आहे हात लावायची! काल मेजरसाहेबांनी घराचे विभाग पाडले. उत्तम पाडले. पण स्वयंपाकघर कुणाच्याच वाट्याला दिलं नाही. लखोटा त्या वेताच्या पेटीत आहे. तळाला."

"आत्या?" अण्णा उठून उभे राहिले. "आत्यानं चोरला?"

"कुणी ठेवला ते नंतर. कुलाब्याची वेळ गाठायची तर आता निघायला हवं. आत्याबाई यायला अवकाश आहे. कुणीतरी पेटी उघडा."

कुणी हललं नाही.

अण्णा एक पाऊल पुढे गेले, फळीकडे पाहिलं आणि मागे आले. "मी अजून पारोसा आहे. आंघोळ करून माझा रेशमी कद नेसून येऊ का?"

"मी येते नेसून," जयावहिनी म्हणाल्या. "माझं रेशमी लुगडं आहे. पण विहिरीवर जाऊन, डोक्यावरून पाणी घेऊन..."

आपल्याला कुणी सांगायच्या आत दगडू दारातून परसात उतरला.

"मी तर मासे खातो," टिपणीस म्हणाले आणि घड्याळाकडे पाहत राहिले.

त्या घड्याळाला टोले नव्हते, पण लंबकाचा आवाज मोठा होता.  मेजरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग ते वळले, कोपऱ्यातली मोठी ट्रंक उघडली, वरच पडलेले बर्फातले जाड लोकरीचे हातमोजे काढले आणि मे महिन्याच्या त्या उकाड्यात एकेक बोट नीट बसवून दोन्ही हातांत घातले. बूट काढले. स्वयंपाकघरात गेले, फळीवरची पेटी उतरवली, वरची वस्त्रं एका हातावर अलगद तोलून धरली आणि खालच्या लोकरी धाबळीच्या घडीतून लखोटा काढला.

घरभर डांबरगोळ्यांचा वास पसरला.

वस्त्रं होती तशी परत ठेवून मेजर बाहेर आले तेव्हा सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनीही पाहिलं.

जयावहिनींच्या हातातून डबा सुटला.

७

"मी नाव घेणार नव्हतो," टिपणीस म्हणाले. "नुसतं पाहायचं होतं, पेटी उघडायला कोण काय शोधतं ते. वहिनी असत्या तर रेशमी लुगडं नेसून गेल्या असत्या. अण्णांकडे कद आहे. दगडूला पेटीची माहितीच नाही. ज्याच्याकडे या घरात स्वतःचं सोवळं उरलेलं नाही, आणि लोकर चालते हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, असा एकच माणूस. आत्याबाईंच्या मुकट्याला काल डांबरगोळीचा वास होता. आणि ज्याला कागद नकोच असतो तो जाळतो. बंब पेटलेलाच होता. लपवतो तो, ज्याला परत हवा असतो."

"पण त्र्यंबक," अण्णा म्हणाले, "तूच? आणि शोधायला छडी घेऊन उभा?"

मेजर भिंतीला टेकले. हातमोजे अजून हातातच होते.

"लखोटा हरवला," ते हळू म्हणाले, "तर मी अन्याय झालेला माणूस. सगळे म्हणतील, पोचला असता तर कर्नल झाला असता. पोचला आणि नामंजूर झाला, तर मग मी तोच, शेऱ्यातला. तेही नुसतं मंडळाच्या मते नाही. माझ्या कर्नलचं पत्र वाचूनसुद्धा. त्याच्यावर मग कुठे अपील करू?" ते थांबले. "शेरा खोटा आहे हे दाखवायला निघालो, आणि बघा काय केलं."

"उघड्या हातानं ठेवला असतात तर कुणाला कळलं नसतं," टिपणीस म्हणाले. हे त्यांच्या व्यावसायिक मनाला राहून राहून टोचत होतं. "वास आला नसता. मी आयुष्यात पकडू शकलो नसतो तुम्हाला."

"आत्याचं सोवळं आहे," मेजर म्हणाले. यापलीकडे त्यांच्याजवळ खुलासा नव्हता, आणि त्या घरात कुणाला तो लागलाही नाही.

दगडू परसातून आत आला होता. त्यानं मेजरांचे बूट उचलले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि पुढे ठेवले.

"साहेब, त्या दिशी पुलावर तुमी भ्याला न्हवता?"

"भ्यालो होतो."

"मग तसंच जायाचं."

मेजरांनी बूट घातले. जयावहिनींनी सांडलेली पोळीभाजी गोळा केली नाही. पदर खोचला आणि चपला शोधल्या. "मी येते स्टेशनपर्यंत. नको. कुलाब्यापर्यंत येते. फाटकात उभं करून परत येते. वाटेत कुठे ह्यांचं पोट दुखलं तर?"

दोघं बाहेर पडले. फाटकाशी जयावहिनींनी नवऱ्याच्या हातातले लोकरीचे हातमोजे ओढून काढले आणि टिपणिसांच्या हातात दिले. टिपणीस हातमोजे धरून उभे असलेले पाहून बायजाबाईंनी पुन्हा हंडा आत नेला.

लखोटा त्या दिवशी पोचला.

८

उत्तर पलटणीच्या पत्त्यावर आलं. मेजरांनी ते उघडलं नाही. गौरी-गणपतीच्या रजेवर येताना पिशवीत घालून, तसंच मोहोरबंद, डोंबिवलीला आणलं, आणि दोन दिवस आरतीच्या तबकाशेजारी ठेवलं. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करू लागले.

तिसऱ्या दिवशी टिपणीस ओटीवर दर्शनाला आले होते. मेजर लखोटा हातात घेऊन खांबापासून खांबापर्यंत जात होते. अण्णा श्वास रोखून होते. त्यांचा अर्धा भाग पणाला लागला होता. जयावहिनी आत उकडीचे मोदक वळायच्या थांबल्या होत्या.

माजघराच्या उंबऱ्याशी आत्या आली. बराच वेळ तिनं भाच्याचं चालणं पाहिलं.

"उघड की रे," ती म्हणाली. "त्याला काही हातमोजे लागत नाहीत."

टिपणिसांनी पान चावायचं थांबवलं. मेजर जागच्या जागी थिजले. पेटीच्या तळाशी एखादा लोकरीचा धागा राहिला होता, का आत्याला पाटीच्या दिवसांपासूनच सगळं ठाऊक होतं, हे कुणी विचारलं नाही.

मेजरांनी मोहोर फोडली. कागद छोटा होता. त्यांनी तो एकदा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, आणि घडी घातली.

"नाही म्हणतात," ते म्हणाले.

अण्णांनी डोळे मिटले. जयावहिनी दारात आल्या, हात पिठाचे.  ओटीवरचा गणपती तेवढा नेहमीसारखा बसला होता.

"बरं," आत्या म्हणाली. "नाही तर नाही. हातपाय धुऊन ये, पानं वाढलीत."

मेजर जेवायला बसले. वरणभात कालवला. सगळे आपापल्या पानाकडे बघत जेवत होते आणि कुणीच आपलं पान पाहत नव्हतं. भात संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"जया," ते म्हणाले, "थोडा भात आण."

जयावहिनी भांडंच घेऊन आल्या. तो संपल्यावर मेजरांनी पुन्हा मागितला.